सर्व्हरचें रेड कार्ड कसें निवडावें?



लातूरच्या मोंढ्यांतील एखाद्या अडतीच्या दुकानाची सकाळ आपण डोळ्यांपुढें आणा. सोयाबीनचीं पोतीं उतरलेलीं आहेत, वजनें झालेलीं आहेत, आणि शेतकरी आपल्या हिशोबपट्टीची वाट पाहत ओसरीवर बसलेला आहे. इतक्यांत मुनीम आंतून येऊन हलक्या आवाजांत सांगतो, "मालक, सर्व्हर चालू होत नाहीं." मालक म्हणतो, "असें कसें होईल? आपण तर मुद्दाम दोन डिस्का बसविल्या होत्या. एक गेली तर दुसरी आहे, असें विकणाऱ्यानें सांगितलें होतें ना?" मग जाणकारास बोलावणें जातें. तो यंत्र उघडतो आणि सांगतो कीं दोन्ही डिस्का धडधाकट आहेत. बिघडलें आहे तें त्या डिस्का आणि यंत्र यांच्यामधलें कार्ड. आणि तसलें कार्ड लातुरांत मिळणार नाहीं.

हें चित्र काल्पनिक आहे. परंतु लातूरचें दुकान असो, नांदेडचें रुग्णालय असो, वा आपल्या गल्लींतील पतपेढी असो, तें खरें होण्यास फारसें कांहीं लागत नाहीं. आपल्या घरांतील कोणी ना कोणी अशा यंत्रावर अवलंबून असतेंच. मुलाची फी, आजोबांच्या तपासणीचे कागद, बचतखात्याची शिल्लक हें सर्व आज कोठल्या तरी खोलींत गुणगुणणाऱ्या सर्व्हरवर ठेवलेलें असतें. म्हणून अशा सर्व्हरसाठीं डिस्का सांभाळणारें कार्ड, ज्याला बाजारांत रेड कंट्रोलर अथवा रेड कार्ड म्हणतात, तें कसें निवडावें, याचा आज थोडा विचार करूं. विषय यंत्रशास्त्राचा असला तरी त्यांतील मुख्य गोष्ट व्यवहारज्ञानाची आहे, म्हणून भिण्याचें कारण नाहीं.

ती मुख्य गोष्ट लातूरकरांनीं फार महाग किंमत देऊन शिकलेली आहे. लातूर शहराचें पाणी मांजरा नदीवरील धनेगांवच्या धरणांतून येतें. गांवांत नळ पुष्कळ आहेत, टाक्या अनेक आहेत. परंतु २०१६ सालीं धरणच आटलें तेव्हां या साऱ्या नळांचा कांहीं उपयोग झाला नाहीं. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आलें, आणि "जलदूत" हें त्या गाडीचें नांव सर्वतोमुखीं झालें. यांतून दिसतें तें असें कीं, एकाच धरणाचे दोन नळ म्हणजे पाण्याचीं दोन ठिकाणें नव्हेत. त्याचप्रमाणें एकाच कार्डाला लावलेल्या दोन डिस्का म्हणजे पूर्ण दुहेरी व्यवस्था नव्हे. दुहेरीपणा कोठपर्यंत आहे आणि तो कोठें संपून वाट एकेरी होते, हें पाहणें हेंच कार्ड निवडण्याचें खरें मर्म आहे.

आतां रेड म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनीं १९८८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळीं मोठ्या संगणकांच्या डिस्का फार महाग असत. या तिघांचें म्हणणें असें कीं, एका महागड्या डिस्केऐवजीं अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडाव्या, आणि त्या वरचेवर बिघडणार हें गृहीत धरूनच मांडणी अशी करावी कीं एक गेली तरी काम अडूं नये. अशा डिस्कांच्या मेळाव्यास त्यांनीं रेड हें नांव दिलें. या मांडणीचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकीं आपणांस तीन-चारच लागतात.

पहिला प्रकार आरशाचा. जें एका डिस्केवर लिहावयाचें तेंच दुसरीवरहि लिहावयाचें. यास रेड १ म्हणतात. जागा अर्धी वाया जाते, परंतु समजण्यास आणि सोडविण्यास याहून सोपें कांहीं नाहीं. अशा आरशांच्या अनेक जोड्या एकत्र केल्या कीं त्यास रेड १० म्हणतात. दुसरा प्रकार बेरजेचा. तीन डिस्कांवर ७, ५ आणि ९ हे आंकडे लिहिले आणि चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहून ठेविली, तर कोणतीहि एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून गेलेला आंकडा काढतां येतो. यंत्र करतें ती बेरीज थोड्या निराळ्या रीतीची असते आणि ती सर्व डिस्कांवर विखरून ठेवलेली असते, पण तत्त्व हेंच. यास रेड ५ म्हणतात. आणि दोन डिस्का गेल्या तरी निभावेल अशी दुहेरी बेरीज ठेवली तर रेड ६. आणखी एक प्रकार रेड ० या नांवानें विकला जातो. त्यांत वेग असतो, संरक्षण मुळींच नसतें. एक डिस्क गेली कीं सर्व गेलें. नांवास भुलून तो प्रकार कोणी हिशोबाच्या यंत्रावर घालूं नये.

बेरजेचा प्रकार काटकसरीचा वाटतो खरा. पण त्याची परीक्षा डिस्क बदलण्याच्या वेळीं होते. हल्लीं सोळा टेराबाइटची डिस्क सहज मिळते. नवी डिस्क बसविल्यावर ती भरून काढण्याचें काम सेकंदास दोनशें मेगाबाइट या चांगल्या वेगानें अखंड चाललें, तरी त्यास ऐंशी हजार सेकंद, म्हणजे बावीस तासांहून अधिक वेळ लागतो. आणि दुकानाचें काम चालूच असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. तितका वेळ बाकीच्या सर्व डिस्का अथपासून इतिपर्यंत वाचल्या जात असतात, आणि रेड ५ मध्यें त्या वेळीं दुसरी चूक सोसण्याची ताकद नसते. म्हणून मोठ्या डिस्का असतील तेथें रेड ६ वा रेड १०, आणि लहान कार्यालयास साधा आरसा, हा सल्ला शहाणपणाचा होय.

आतां आपण विषयाच्या गाभ्याशीं येऊं. सर्व्हर चालू करतांना प्रथम काय होतें? बटण दाबल्यावर मदरबोर्डवरील एक लहानसा आज्ञासंच जागा होतो. जुन्या यंत्रांत त्यास बायॉस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. त्याला विंडोज ठाऊक नसतें, लिनक्स ठाऊक नसतें. डिस्केवर ठराविक जागीं ठेवलेली एक छोटी किल्ली शोधावी, ती फिरवावी आणि बाजूस व्हावें, एवढेंच त्याचें काम. यालाच यंत्र बूट होणें म्हणतात. पण डिस्का कार्डाच्या पलीकडे असल्या तर या आज्ञासंचास त्या दिसत नाहींत. तेव्हां कार्डानेंच पुढें होऊन आपली ओळख करून द्यावी लागते, आणि त्यासाठीं कार्डावर स्वतःचा एक लहान आज्ञासंच असावा लागतो. तो नसला, बंद केलेला असला, अथवा यंत्राच्या जातीशीं न जुळणारा असला, तर चमत्कारिक परिस्थिति होते. दुसरीकडून यंत्र उठविलें तर त्याच कार्डावरील सर्व डिस्का स्वच्छ दिसतात. परंतु त्या डिस्कांवरून मात्र यंत्र उठत नाहीं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वा इतरत्र जुनीं कार्डें स्वस्तांत आणणाऱ्यांनीं येथें सावध असावें. त्यांतील पुष्कळ कार्डांवर केवळ जुन्या बायॉसचा आज्ञासंच असतो. इंटेल कंपनीनें २०१७ सालींच जाहीर केलें होतें कीं २०२० पर्यंत आपण जुन्या बायॉसचा आधार काढून घेणार. त्यामुळें नव्या मदरबोर्डावर असलें कार्ड डिस्का दाखवील, पण यंत्र उठवील याची हमी नाहीं. ऑपरेटिंग सिस्टिमचेंहि तसेंच. २०१९ सालीं निघालेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या आठव्या आवृत्तींतून कित्येक जुन्या कार्डांचा आधार काढून टाकण्यांत आला. म्हणजे कार्ड धडधाकट, डिस्का धडधाकट, पण नवी आवृत्ति घातल्यावर दोघांचें बोलणेंच बंद! म्हणून कार्ड घेण्यापूर्वीं दोन याद्या पाहाव्या: एक सर्व्हर बनविणाऱ्याची, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमची. दोन्हींत कार्डाचें नांव असेल तरच पैसे काढावे. आणखी एक बारीक गोष्ट. दोन टेराबाइटांहून मोठ्या डिस्केवरून यंत्र उठवावयाचें असेल तर जुनी विभागणी-पद्धत पुरत नाहीं. तेथें जीपीटी ही नवी पद्धत लागते, आणि विंडोज असेल तर यूईएफआयहि लागतेंच.

रेड करण्याचें काम कोण करतो यावरून त्याचे तीन वर्ग पडतात. पहिला खरें कार्ड. त्यावर स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृति, आणि वीज गेल्यास ती स्मृति सांभाळणारी बॅटरी अथवा तत्सम सोय असते. दुसरा मदरबोर्डवरचें फुकट रेड. याचें नांव मोठें असतें, परंतु बहुतेक काम मुख्य प्रोसेसरच करतो. बूट होण्यापुरती सोय तेवढी मदरबोर्डाची. यास जाणकार मंडळी खाजगींत "खोटें रेड" म्हणतात. तिसरा वर्ग ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या रेडचा. त्यास कार्ड लागतच नाहीं. फार डिस्का असल्या तर एचबीए नांवाचें साधें जोड-कार्ड पुरतें, जें डिस्का जशा आहेत तशा पुढें सरकवितें.

या तिघांत निवड करतांना पुण्यामुंबईचा मनुष्य प्रथम वेग विचारील. नांदेड-लातूरच्या मनुष्यानें मात्र प्रथम तीन गोष्टी विचाराव्या: वीज, ऊन, आणि सुटा भाग.

प्रथम वीज. कार्डाला वेग येतो तो त्याच्या स्मृतीमुळें. लिहावयाचा मजकूर तें आधीं स्मृतींत घेतें, "लिहिलें" असें सांगून मोकळें होतें, आणि डिस्केवर सावकाश उतरवितें. "लिहिलें" म्हटल्यानंतर आणि खरोखर लिहिण्यापूर्वीं वीज गेली तर? बॅटरी असेल तर मजकूर वांचतो. नसेल तर जातो, आणि गेला हें कळतहि नाहीं. बेरजेच्या प्रकारांत आणखी एक फट असते. आंकडा बदलला आणि बेरीज बदलण्यापूर्वींच वीज गेली, तर दोघांचा मेळ तुटतो, व पुढें केव्हां तरी डिस्क गेल्यावर त्या चुकीच्या बेरजेवरून चुकीचाच आंकडा निघतो. म्हणून बॅटरीवांचून असलेल्या कार्डाची ही "आधीं सांगणें, मग लिहिणें" पद्धत बंदच ठेवावी, आणि सर्व्हरला चांगला यूपीएस द्यावा. कार्डाच्या किंमतींत बचत करावयाची असेल तर करावी. यूपीएसच्या किंमतींत करूं नये.

दुसरें ऊन. नांदेडास उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जातो, आणि लहान कार्यालयांतील सर्व्हर बहुधा जिन्याखालीं अथवा कपाटाशेजारीं ठेवलेला असतो. खऱ्या कार्डावरील प्रोसेसर चांगलाच तापतो. मोठ्या सर्व्हरांतील पंख्यांचा सतत वारा लागेल अशा कल्पनेनेंच तो बनविलेला असतो. तेंच कार्ड साध्या पेटींत बसविलें कीं वैशाखांत कुरकुर सुरू होते. बॅटरीलाहि उष्णता मानवत नाहीं. तिचें आयुष्य घटतें, आणि ती निकामी झाली कीं पुष्कळ कार्डें आपणहून सावध, पण मंद पद्धतीवर येतात. मग लोक म्हणतात, "सर्व्हर अलीकडे फार हळू झाला." तेव्हां बॅटरीऐवजीं विद्युत्संचयक आणि कायम स्मृति असलेलें कार्ड मिळत असेल तर तें पसंत करावें. वीज जातांच तें स्मृतींतील मजकूर कायम जागीं उतरवून ठेवितें, आणि त्यास दर दोन-तीन वर्षांनीं नवी बॅटरी घालण्याची कटकट नसते.

तिसरी गोष्ट सुट्या भागाची, आणि आपल्या दृष्टीनें तीच सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक कार्ड डिस्कांची मांडणी आपल्या पद्धतीनें नोंदवून ठेवितें. ही नोंद डिस्कांवरच असते. त्यामुळें कार्ड गेलें तरी त्याच घराण्याचें दुसरें कार्ड लावतांच तें मांडणी ओळखतें. पण दुसऱ्या घराण्याच्या कार्डास ती लिपि वाचतां येईलच असें नाहीं. घराणीं तरी कायम कोठें राहतात? एलएसआय या नांवानें प्रसिद्ध असलेलीं कार्डें २०१४ सालीं अॅव्हागोकडे गेलीं, आणि त्याच कंपनीनें २०१६ सालीं ब्रॉडकॉम हें नांव घेतलें. अॅडॅप्टेकचीं कार्डें पीएमसी-सिएरा व मायक्रोसेमी यांच्या हातांतून २०१८ सालीं मायक्रोचिपकडे आलीं. सात वर्षांपूर्वीं घेतलेल्या कार्डाचें भावंड शोधतांना आधीं आडनांव कोणतें तें शोधावें लागतें! म्हणून जो खरें कार्ड घेईल त्यानें त्याच दिवशीं दुसरें तसेंच कार्ड घेऊन, तेंच फर्मवेअर घालून, कपाटांत ठेवावें. दोन कार्डांचा खर्च झेपत नसेल तर एक कार्डहि झेपत नाहीं असें समजावें. रविवारीं रात्रीं बंद पडलेल्या यंत्रासाठीं पुण्याहून वा हैदराबादेहून सामान मागवून बुधवारपर्यंत पट्ट्या हातानें लिहिण्यापेक्षां हें स्वस्त पडतें.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या रेडचा मोठा गुण येथेंच दिसतो. लिनक्सनें केलेला आरसा कोणत्याहि दुसऱ्या लिनक्स यंत्रावर वाचतां येतो. विशिष्ट कार्डाची वाट पाहावी लागत नाहीं. यंत्रच जळालें तरी डिस्क काढून शेजारच्या संगणकास लावतां येते. मात्र त्यांत बूट होण्याची अडचण समजून घेतली पाहिजे. यूईएफआयला आरसा कळत नाहीं. त्यास एफएटी पद्धतीचा एक लहान विभाग हवा असतो, आणि त्यांतच किल्ली असते. पुष्कळदां बसविणारा मनुष्य सर्व मजकुराचा आरसा करतो, आणि हा किल्लीचा विभाग मात्र पहिल्याच डिस्केवर ठेवितो. मग पहिली डिस्क गेली कीं मजकूर दुसरीवर सुखरूप, पण दाराची किल्ली गेलेली! यावर उपाय असा कीं तो विभाग दोन्ही डिस्कांवर ठेवावा. लिनक्सच्या आरशानेंच तो ठेवावयाचा असेल तर रेडची नोंद विभागाच्या शेवटीं ठेवणारा १.० हा प्रकार घ्यावा, म्हणजे यूईएफआयला तो साधा विभागच वाटतो. आणि यंत्राच्या बूट-यादींत दोन्ही डिस्कांचीं नांवें घालावीं.

विंडोज सर्व्हर वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. विंडोजची स्टोरेज स्पेसेस ही व्यवस्था मजकुरासाठीं चालते, परंतु तिच्यावरून यंत्र उठत नाहीं. तेथें बूट होण्यासाठीं कार्डाचा आरसा हाच सोयीचा मार्ग. अलीकडे मोठ्या कंपन्यांनीं याकरितां एक सुटसुटीत तोड काढली आहे. दोन लहान एम-डॉट-टू डिस्का एकाच छोट्या कार्डावर आरशासारख्या बसवावयाच्या, व त्यांवर फक्त ऑपरेटिंग सिस्टिम ठेवावयाची. डेलच्या यंत्रांत यास बॉस म्हणतात. एचपीईचें तशाच जातीचें कार्ड एनएस-२०४-आय या नांवानें येतें. मजकूर निराळ्या डिस्कांवर आणि किल्ली निराळ्या जोडीवर, अशी ही विभागणी मला फार पसंत आहे. दिवाणखान्यांत कांहींहि गोंधळ झाला तरी देवडी उघडी राहते.

डिस्का घेतांनाहि एक दक्षता हवी. घरगुती संगणकाची डिस्क एखादी जागा नीट वाचतां आली नाहीं तर पुष्कळ वेळ खटपट करीत बसते. कार्ड कांहीं सेकंद वाट पाहून तिला मेलेली ठरवितें आणि बाहेर काढतें. सर्व्हरसाठीं बनविलेली डिस्क सुमारें सात सेकंदांत "जमत नाहीं" असें कबूल करते, व कार्ड तो मजकूर दुसरीवरून घेतें. माणसांप्रमाणें यंत्रांतहि वेळेवर कबुली देणाराच सहकार्यास योग्य.

तेव्हां निर्णय असा करतां येईल. लहान कार्यालय, दोन डिस्का आणि लिनक्स असेल तर कार्डाच्या भरीस पडूं नये. ऑपरेटिंग सिस्टिमचा आरसा करावा. विंडोज असेल तर बूट होण्यापुरती लहान जोडी, सर्व्हर बनविणाऱ्याच्या यादींतील कार्डावर ठेवावी. डिस्का पुष्कळ, काम रात्रंदिवस आणि सांभाळणारा माणूस पगारी असेल, तर संचयकाचें खरें कार्ड घ्यावें, आणि त्याचें जुळें भावंड कपाटांत ठेवावें. मदरबोर्डवरच्या फुकट रेडवर मात्र दुसऱ्याच्या पैशांचा हिशोब ठेवूं नये. मदरबोर्ड गेला कीं दुसरा तसाच मदरबोर्ड शोधीत फिरावें लागतें, आणि तो कार्डापेक्षांहि दुर्मिळ.

निवड झाली, यंत्र बसलें, म्हणजे काम संपलें असें नाहीं. एखाद्या सुटीच्या दिवशीं, मजकुराची निराळी प्रत हातीं ठेवून, यंत्र बंद करावें. पहिली डिस्क काढावी आणि तें उठतें काय तें पाहावें. मग डिस्क परत लावून आरसा पूर्ण भरूं द्यावा, आणि तसेंच दुसरीचें करावें. हें केल्यावांचून "आमचें रेड आहे" असें म्हणण्याचा अधिकार येत नाहीं. तसेंच, डिस्क गेल्याची सूचना कोणा जिवंत माणसाच्या मोबाइलवर जाईल अशी व्यवस्था करावी. आरशाची एक बाजू फुटली तरी यंत्र तक्रार न करितां चालत राहतें. आणि कार्डाचा भोंगा वाजूं लागला तर त्रास नको म्हणून तो बंद करणारा कोणी तरी असतोच. मग वर्षभरानें दुसरी डिस्क जाते, व लोक रेडला दोष देतात.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली. आदल्या रात्रीं गणपति बोळवून झोपलेलीं हजारों माणसें जाड दगडी भिंतींखालीं गेलीं. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील त्या दुःखापुढें कागदपत्रांची गोष्ट क्षुद्र आहे. परंतु वांचलेल्या मनुष्यास पुढें उभें राहण्यासाठीं जमिनीचा उतारा, खात्याची नोंद, मुलाचा दाखला हेंच लागतें. एकाच पेटींतील दोन डिस्का त्या पेटीवर भिंत पडली असतां एकमेकींस वांचवूं शकत नाहींत. चुकून पुसलेली नोंद तर आरसा दोन्हीकडून तत्परतेनें पुसतो. म्हणून रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे, हें वाक्य प्रत्येकानें लक्षांत ठेवावें. नांदेड आणि लातूर यांच्यांत सव्वाशें-दीडशें किलोमीटरांचें अंतर आहे. नांदेडच्या गोदावरीचा पूर लातुरास पोंचत नाहीं. नांदेडकरांनीं आपल्या मजकुराची रोजची प्रत लातुरास ठेवावी, लातूरकरांनीं नांदेडास. आणि महिन्यांतून एकदां ती प्रत उघडून वाचून पाहावी. शेजाऱ्याकडे घराची दुसरी किल्ली ठेवण्याची आपली जुनी चाल आहे, तीच येथें चालवावयाची.

तेव्हां पुढच्या वेळीं कोणी आपणांस रेड कार्ड विकावयास आला तर त्याच्या वेगाचे आंकडे जरूर ऐका, पण त्याला एकच प्रश्न विचारा: "हें कार्डच गेलें तर उद्यां सकाळीं माझें यंत्र कशावरून उठेल?" या प्रश्नाचें उत्तर जो सरळ देईल, त्याच्याकडून कार्ड घेण्यास हरकत नाहीं. आणि तो जर म्हणाला कीं आपणांस कार्डाची गरजच नाहीं, तर त्याला चहा पाजा. कारण तो खरा जाणकार आहे.